तिसऱ्या गिअरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. दोरीच्या पलीकडेच उभे राहा, पण दोरीला लोंबकळू नका. काल एकाने ती खांबासकट पाडली. आणि आधीच सांगते, मला बोलायची फार हौस उरलेली नाही. तुमच्यासारखी मुलं येतात, माझ्यासमोरची पाटी मोठ्याने वाचतात, फिदीफिदी हसतात आणि पुढच्या गाडीकडे पळतात. त्या पाटीवर माझ्या एका वाईट खोडीबद्दल लिहिलं आहे. ते खोटं आहे. ते कसं खोटं आहे आणि मी ते का चालवून घेतलं, एवढंच आज सांगते. मग मला जरा गप्प बसू द्या.

माझ्याकडे नीट बघा. मला छप्पर नाही, दारं नाहीत, दिवे नाहीत, हॉर्न नाही. चाकांवर पत्र्याची झाकणं नाहीत. चारही चाकं उघडी, अंगापासून लांब, हातपाय पसरून बसल्यासारखी. बसायला जागा एकच, तीही इतकी चिंचोळी की जाड माणसाला आत शिरताना श्वास सोडावा लागतो आणि बाहेर काढताना दोघांना ओढावं लागतं. मला आपणहून सुरूसुद्धा होता यायचं नाही. कुणीतरी मागून ढकलायचं, मग मी खोकत खोकत जागी व्हायचे. थोडक्यात काय, संसाराला माझा काडीचा उपयोग नाही. मला फक्त जोरात पळता यायचं. आता तेही येत नाही.

मला एका गिरणीमालकाने हौसेने बनवून घेतलं. माझं अंग साच्यातून निघालेलं नाही. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून हातोडीने ठोकून ठोकून त्याला ही गोलाई दिली आहे. ठोकणाऱ्या कारागिराला कमी ऐकू यायचं. त्या धंद्यात सगळ्यांनाच कमी ऐकू येतं, त्यामुळे कारखान्यात दिवसभर नुसती आरडाओरड चालायची. माझा गिअरबॉक्स बसवणारा म्हातारा मात्र गप्प आणि भलता किरकिरा होता. गिअरच्या चाकांचे दात घासायचा, जोडायचा, नाक मुरडायचा, पुन्हा सगळं उघडायचा. बाकीचे वैतागून गेले. शेवटी एका संध्याकाळी त्याने तिसरा गिअर टाकला, दांडी हलवून पाहिली आणि म्हणाला, "आता हा नातवंडांच्या काळापर्यंत निसटायचा नाही." मुलांनो, हे वाक्य ध्यानात ठेवा. माझ्या आयुष्यात अभिमान वाटावा असं फार थोडं उरलं आहे, त्यात हे वरच्या नंबरावर आहे.

गिरणीमालक माझ्यात एकदाच बसला. दुसऱ्याच वळणावर त्याने डोळे मिटून घेतले. परत आल्यावर घाम पुसत म्हणाला, "गाडी उत्तम आहे, माझीच तब्येत साथ देत नाही." मग मी त्याच्या बंगल्याच्या पडवीत उभी राहिले. पाहुणे आले की माझ्यावरची चादर उचलायची, पाहुणे गेले की पुन्हा टाकायची. पळण्यासाठी जन्माला यायचं आणि चादर पांघरून बसायचं, याचा कंटाळा कसा असतो ते तुम्हाला आजारपणाच्या सुट्टीवरून कळेल. पुढे त्याच्या मुलांना घरच्या मोटारीसाठी जागा हवी झाली आणि त्यांनी मला दोघा भावांना देऊन टाकलं.

या भावांचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं. पत्र्याचं दार, जमिनीत खणलेला खड्डा, तेलाने काळे झालेले डबे, आणि कोपऱ्यात सतत उकळणारी चहाची किटली. वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. थोरला भाऊ गाडी चालवायचा. बोलायला मोकळा, हसायला मोकळा, पण पत्त्यांतसुद्धा हरला तर दोन दिवस तोंड फुगवून बसायचा. धाकटा गाडी सांभाळायचा. तो डावखुरा होता आणि बोलणं त्याच्या जिवावर यायचं. थोरला सकाळी मला बघून म्हणायचा, "काय महाराणी, आज काय बेत?" धाकटा काही म्हणायचा नाही. नुसता पंजा माझ्या नाकावर ठेवायचा, ताप बघतात तसा.

थोरल्याची बायको या सगळ्याच्या वरताण होती. धाकटा तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणते. तिची जीभ म्हणजे कानसच. "या घरात पाण्यालासुद्धा पेट्रोलचा वास येतो," असं ती दिवसातून चार वेळा ऐकवायची. आणि शर्यतीच्या दिवशी बाह्या सारून मला मागून ढकलायला सगळ्यांत पुढे तीच असायची. मी सुरू झाले की माझ्या धुराने तिचं तोंड काळं व्हायचं. ती ते पुसायची आणि मला शिव्या घालायची. मला फार बरं वाटायचं.

आता दोन गोष्टी सांगते. त्या समजल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

पहिली गोष्ट तारेची. शर्यतीच्या गाडीत नट नुसता आवळून भागत नाही. थरथरीने तो हळूहळू सैल होतो. म्हणून नटाच्या भोकातून बारीक तार ओवतात, तिला पीळ देतात आणि तिचं दुसरं टोक शेजारी पक्कं करतात. मग नटाने कितीही मनात आणलं तरी त्याला फिरता येत नाही. हे काम धाकट्याचं. डावखुरा असल्यामुळे त्याच्या तारेचा पीळ सगळ्या जगाच्या उलट पडायचा. शिवाय शेवटचं टोक तो आत वळवून त्याचा बारीकसा डोळा करायचा, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून. थोरला चिडवायचा, "अरे, नटाला दागिने काय घालतोस?" धाकटा मान वर न करता म्हणायचा, "दादा, तुझं स्टिअरिंग या दागिन्यावर आहे."

दुसरी गोष्ट हाताची. वहिनीने एक अट घातली होती. "शर्यतीत दर फेरीला मला हात दाखवायचा. नाही दाखवला, तर मी उठून घरी जाईन आणि दाराला आतून कडी लावीन."

"अगं वेडे, शर्यतीत हात वर करणं म्हणजे गाडी बिघडल्याची खूण असते," थोरला म्हणाला. "मागचे घाबरतील."

"घाबरू देत. तेवढे मागे राहतील."

शेवटी तडजोड झाली. हात वर करायचा नाही. फक्त दोन बोटं, छातीशी, आणि तीही सरळ रस्त्यावर, जिथे एक हात चाकावर असला तरी भागतं. तिथे एका उलट्या खोक्यावर वहिनी उभी राहायची. मी सुसाट जायचे, थोरल्याची दोन बोटं वर व्हायची, वहिनी मान हलवायची. प्रेक्षकांना वाटायचं, काहीतरी मोठी गुप्त युक्ती चालली आहे. एका पठ्ठ्याने तर तसंच करून बघितलं आणि हरला.

त्या वर्षांत मी खूप जिंकले. माझ्या नाकावर हार पडले, माझे फोटो छापून आले. चांगले दिवस होते एवढंच म्हणते. म्हाताऱ्यांनी जास्त वर्णन केलं की ऐकणारे जांभया देतात.

मग तो दिवस आला. सकाळी नवराबायकोचं भांडण झालं होतं. कारण विचाराल तर सदऱ्याचं बटण. तो म्हणाला तू लावलं नाहीस, ती म्हणाली तुम्ही आणून दिलं नाहीत. दोघंही गाल फुगवून मैदानावर आली. इकडे धाकटा माझ्या स्टिअरिंगच्या दांडीच्या नटाला तार ओवत होता, तेवढ्यात कुणीतरी बोलावलं, बडे पाहुणे आलेत, गाड्या रांगेत लावा. तो उठून गेला. परत आला आणि काम पुरं केलं. पण ते त्याच्या हातांनी केलं, डोक्याने नाही. घराला कुलूप लावून निघाल्यावर रस्त्यात तुमच्या आईला आठवत नाही ना, लावलं की नाही? तसंच. लावलेलं असतं. पण आठवत नाही ते नाहीच.

त्याच बड्या पाहुण्यांसाठी सरळ रस्त्याच्या कडेला मोठा मांडव घातला होता, नेमका वहिनीच्या जागेवर. तिला तिथून उठवलं. ती खोकं काखोटीला मारून चालत चालत वळणावर गेली आणि एका झाडाच्या सावलीत उभी राहिली.

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीला थोरल्याने दोन बोटं वर केली, आणि वहिनी जागेवर नव्हती. पुढच्या फेरीलाही नव्हती. तो तोंडातल्या तोंडात बडबडायला लागला, "गेली. बटणापायी घरी गेली." तो भित्रा नव्हता, मुलांनो. पण घराला आतून कडी, हे त्याला सोसायचं नाही. एरवी वळणात तो रस्त्यावरची नजर काढत नसे, पण तिसऱ्या फेरीला तो कडेला तिलाच शोधत होता. आम्ही वळणात शिरलो आणि झाडाखाली ती दिसली. ती होती, गेली नव्हती. त्याला इतका आनंद झाला की तो दोन बोटं, छाती, तडजोड सगळं विसरला. त्याचा अख्खा हात वर गेला. लहान मूल शाळा सुटल्यावर आईला हात करतं तसा.

रस्त्यात तिथे एक खळगा होता. दोन हात असते तर काहीच झालं नसतं. मी गवतात जाऊन उलटी झाले. थोरला गेला.

हे तेव्हा फक्त मला माहीत होतं. आणि आता तुम्हाला.

मला गॅरेजच्या मागच्या बाजूला आणून टाकलं. काही दिवसांनी वहिनी खाली आली. तिचे डोळे कोरडे होते, आणि आवाजातली कानस गेली होती. ती म्हणाली, "भावजी, ह्यांनी हात वर केला होता. दोन बोटं नाही, पूर्ण हात. मी पाहिलाय. गाडीच गेली असणार हातातून. तुम्ही ती स्टिअरिंगची तार बांधली होती ना?"

धाकट्याने तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. त्याला आठवत नव्हतं. आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. वहिनी मान खाली घालून जिना चढून गेली. मी ओरडले, मित्रांनो. बांधली होती, बांधली होती, या इथे आहे, वाकून बघ! पण पत्र्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

तुम्ही म्हणाल, मग त्याने वाकून का नाही पाहिलं? नट तर दोन हातांच्या अंतरावर होता. एकदा आला होता तो. भर दुपारी, पत्र्याचं दार लावून घेऊन, माझ्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. मोडलेल्या पत्र्याच्या आत, चिखलात हात घातला. नटापासून वीतभर अंतरावर त्याचा हात थांबला. बराच वेळ थांबला. मग त्याने तो मागे घेतला, पँटला पुसला आणि निघून गेला. नाही पाहिलं तर निदान अर्धी आशा शिल्लक राहते ना. मला त्याचा फार राग आला होता. आता येत नाही. रागालाही ताकद लागते.

मी तिथे होते तोवर त्या घरात पुन्हा त्या दिवसाचा विषय निघाला नाही. वहिनी वर, धाकटा खाली. वरून जेवणाचा डबा यायचा, रिकामा होऊन वर जायचा. तिचं दुखलंखुपलं तो बघायचा, त्याचे फाटके कपडे ती शिवायची. भांडले असते तर बरं झालं असतं. आणि धाकटा दर गिऱ्हाइकाचं चाक दोनदा तपासायला लागला. गिऱ्हाईक निघालं की मागे धावत जाऊन, त्याला चौकात गाठून, तिसऱ्यांदा तपासायचा. लोक कौतुक करायचे, काय चोख माणूस आहे म्हणून. मला रडू यायचं.

पुढचं आयुष्य भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका शौकिनाने माझं इंजिन काढून नेलं आणि दुसऱ्याच एका गाडीच्या पोटात बसवलं. तिच्या अंगावर माझा नंबरही रंगवला. ती बया तेव्हापासून मिरवते आहे की जिंकलेली ती मीच. उरलेली मी एका तंत्रशाळेत गेले. तिथल्या मुलांनी माझ्यावर रंगकाम शिकून घेतलं. एकाच उन्हाळ्यात मी हिरवी, निळी आणि विटकरी झाले. मग मला कोंबड्या पाळणाऱ्या एका माणसाने नेलं. कोंबड्यांना माझी बैठक इतकी आवडली की त्या तिथेच अंडी घालायच्या. मी थोरल्याची जागा त्यांना ऊबदार राखून दिली. कुणी पुसलं नाही, कुणी मारलंही नाही. चिखल वाळून दगड झाला. स्टिअरिंगच्या नटावर तर त्याचं असं कवच बसलं की गंजसुद्धा आत शिरला नाही.

शेवटी मला हे साहेब भेटले, या दालनाचे मालक. घड्याळांच्या व्यापारात त्यांचे केस पांढरे झाले आहेत. माणूस मनाने चांगला आहे, पण प्रत्येक वस्तू नवी कोरी केल्याशिवाय त्यांना ती जुनी वाटत नाही. मला आणल्यापासून त्यांना एकच घोर लागला होता. एकाच नंबराच्या दोन गाड्या, मग खरी कोणती? त्या दुसरीचा मालक दर भेटीत टोमणा मारायचा, "काय, तुमच्या कोंबड्या कशा आहेत?" साहेबांना जेवण जाईना.

त्यांनी मला एका दुरुस्तीवाल्या बाईच्या हवाली केलं. चाळिशीतली, गळ्यात दोरीला चष्मा, आणि स्वतःशी बोलायची सवय. हात मात्र गुणी. माझा गिअरबॉक्स उघडला आणि ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "साहेब, इकडे या. हा तिसरा गिअर बघा. इतक्या शर्यती पळून दात नव्यासारखे. कुणाच्या हातचं काम आहे हो हे?" इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या किरकिऱ्या म्हाताऱ्याची आठवण काढली. मला जरा बरं वाटलं.

पण तिची कामाची एक रीत होती. गाडी खोलताना जुन्या तारा सगळ्या तोडून टाकायच्या, नंतर नव्या चकचकीत बांधायच्या. तिने मागच्या बाजूने सुरुवात केली. कट्, कट्, आणि तार डब्यात. "हा कोण बाबा, सगळं उलटं पिळतो?" असं पुटपुटत ती रोज थोडी पुढे सरकायची. मी मोजत बसले होते, आता स्टिअरिंगपर्यंत किती उरलं. मला नवं व्हायचं नव्हतं. माझी ती एक तार कुणीतरी बघेपर्यंत राहायला हवी होती, बस. तेवढ्यासाठी मी कोंबड्या सोसल्या होत्या.

तिचं ते उलट्या पिळाचं बोलणं साहेबांच्या कानावर पडलं. जुन्या शर्यतवाल्यांकडे त्यांनी चौकशी केली, असा पीळ कोण द्यायचा? उत्तर एकच आलं. धाकटा अजून होता. साहेबांनी फोन केला. "आठवत नाही," धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा फोन वहिनीने उचलला. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आम्ही येतो. मला तिला एकदा बघायचंय."

ती दोघं यायची होती त्या सकाळी दुरुस्तीवाली माझ्या स्टिअरिंगपाशी पोहोचली होती. चिखलाचं कवच तिने रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून मऊ केलं होतं. ते खरवडून काढलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कटरचा जबडा तारेवर ठेवला. तेवढ्यात दारातून साहेब ओरडले, "आले, आले! जरा खुर्च्या आणा!" ती कटर तसाच ठेवून उठली. खुर्च्यांवर माझा एवढा जीव कधी जडला नव्हता.

धाकटा पार वाकला होता. वहिनीने त्याचा दंड धरला होता, की त्याने तिचा, ते कळत नव्हतं. वहिनी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "किती लहान आहे गं ही. मला ही केवढी तरी मोठी आठवत होती." धाकटा माझ्याकडे बघेना. खाली फरशीकडे बघत होता.

साहेब घाईला आले होते. "ही तुमचीच का, तेवढं सांगा. या बाई म्हणतात तारांवरून कळेल. फक्त पुढची एक उरली आहे. स्टिअरिंगची."

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. तो मागे फिरेल असं मला वाटलं. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "भावजी, बघा. जे असेल ते असेल. आता आपलं वय झालं. मी काही म्हणणार नाही."

तो गुडघ्यांवर बसला. या वेळी त्याचा हात थांबला नाही. बोटांनी त्याने नट चाचपला, तार चाचपली, पीळ चाचपला. मग टोकाशी गेला. तिथे तो बारीकसा डोळा होता, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून आत वळवलेला.

"आहे," तो म्हणाला. "बांधली होती. वहिनी, मी बांधली होती." आणि तो म्हातारा माणूस माझ्या चाकाला डोकं टेकवून हमसून हमसून रडायला लागला. साहेब "म्हणजे हीच खरी ना?" असं दोनदा म्हणाले. मग बिचारे खाली बसले.

वहिनी कशीबशी त्याच्याजवळ बसली. "मी विचारायलाच नको होतं हो," ती म्हणाली. "एक प्रश्न विचारला आणि तुमचं सगळं आयुष्य खाल्लं. मला माफ करा." त्याने नुसती मान हलवली. मी खूप वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती. मला वाटलं, चला, सुटले सगळे. आता मला खुशाल नवी करा.

पण वहिनीचं डोकं पहिल्यापासून तेज. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग ह्यांनी हात का वर केला?"

धाकट्याचं डोकं अजून चाकाला टेकलेलं होतं.

"केला होता, भावजी. मी स्वतः पाहिलाय. त्या वळणावरच्या झाडाखालून मला स्वच्छ दिसलं."

"झाडाखालून?" धाकट्याने डोकं वर केलं. "तुम्ही तर सरळ रस्त्यावर असायचात. खोक्यावर."

"त्या दिवशी कुठे? तिथे पाहुण्यांचा मांडव होता. मला उठवलं. मग मी गेले वळणावर, सावलीला."

त्या दिवसाबद्दल ती दोघं कधी बोललीच नव्हती, मित्रांनो. म्हणून ही एवढीशी गोष्ट त्याला माहीत नव्हती. त्याचा हात अजून माझ्या नटावर होता. सरळ रस्त्यावरची रिकामी जागा, बटणाचं भांडण, झाड, वळण, आनंदाने वर गेलेला अख्खा हात. त्याला सगळं दिसलं. इतकी वर्षं जे ओझं त्याने वाहिलं, ते आता कुणाच्या डोक्यावर जाणार, तेही दिसलं. ती समोर बसली होती, डोळे त्याच्यावर लावून.

ज्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, त्याने एक लांब श्वास घेतला.

"गिअर," तो म्हणाला. "हिचा तिसरा गिअर निसटायचा. मधेच, ऐन वळणात. जुनी खोड हिची. दादाला माहीत होतं. निसटला असणार, म्हणून मागच्यांना खूण केली त्याने, गाडी बिघडली म्हणून. कुणाच्याच हातात नव्हतं ते, वहिनी."

दुरुस्तीवालीने झटकन मान वर केली. "पण तिसरा गिअर तर अगदी..." ती म्हणाली, आणि धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. तिने चष्मा काढला, फडक्याला पुसला, पुन्हा चढवला. "अगदी बेभरवशाचा आहे," ती म्हणाली. "मी बघितलाय ना."

मला काय वाटलं असेल? तो म्हातारा कारागीर, त्याची किरकिर, नातवंडांच्या काळापर्यंत निसटायचा नाही म्हणून दिलेला शब्द! माझ्या अंगात इंजिन असतं ना, तर मी तिथल्या तिथे भडकले असते. पण वहिनी माझ्याकडे वळली. माझ्या नाकावर हलकीच एक चापट मारून म्हणाली, "मेली खोडकर कुठली. तूच होतीस होय?" तिच्या आवाजात ती जुनी कानस परत आली होती. म्हटलं, असू दे. इतकी वर्षं यांचं ओझं वाहिलं, त्यात हे एक.

साहेबांनी ती तार तोडू दिली नाही. तेवढी एक जुनी, बाकी सगळी मी नवी चकचकीत. आणि त्यांना गोष्टी फार आवडतात, म्हणून त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं, या गाडीचा तिसरा गिअर ऐन वळणात दगा द्यायचा. ती दुसरी बया माझ्यासमोरच उभी असते, माझं इंजिन पोटात घेऊन. ती वाचते आणि गालात हसते.

तर मित्रांनो, जुनं काही नवं करायला निघालात तर आधी जरा चिखल खरवडून बघत जा. त्याखाली कुणीतरी काहीतरी जिवाने बांधलेलं असतं. एवढं सांगून मी गप्प बसणार होते. पण एक काम आहे तुमच्याकडे.

अधूनमधून इथे एक म्हातारी बाई येते, आपल्या दिराचा हात धरून. तिला आता दिसत नाही फारसं. ती जवळच्या मुलाला म्हणते, "बाळा, ती पाटी वाचून दाखव रे. गिअरचं लिहिलंय ते." आज ती तुम्हाला म्हणेल. वाचा. मोठ्याने वाचा, अडखळू नका. आणि तिने विचारलं, खरंच का रे निसटत असेल, तर माझ्याकडे बघू नका. हो म्हणा.